गोळीचा चांगला तास आणि डोक्यातलं यंत्र

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या गोळ्यांविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच गोष्टीची चौकशी करतात: मेंदूत तार बसवून विजेची हलकी स्पंदनं देण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, थोडक्यात डीबीएस. मी जळगावात मेंदूविकारांचे रुग्ण पाहते. ही शस्त्रक्रिया मी करत नाही. पण तिच्यासाठी कोणाला मुंबईला पाठवायचं, कोणाला थांबवायचं आणि परत आलेल्यांकडे पुढची वर्षं कसं बघायचं, हे माझं रोजचं काम आहे. पत्रं थोडी आखूड केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या आप्पांना (वय 62) नऊ वर्षांपासून कंपवात आहे. आमची केळीची शेती. दिवसातून सहा वेळा गोळी लागते. गोळी लागू पडली की ते मळ्यात चक्कर मारतात, घड बघतात, मजुरांशी बोलतात. दीड-दोन तासांनी म्हणतात, "आंग बंद पडस", आणि असतील तिथेच बसून राहतात. कधी उलटं होतं, मान आणि खांदे आपोआप डोलत राहतात. मुंबईच्या डॉक्टरांनी डीबीएस सुचवली आहे. माय म्हणते, मी डोक्याला हात लावू देणार नाही. गावात कोणी सांगतं माणूस ठणठणीत होतो, कोणी सांगतं वेडा होतो. आम्ही काय करावं?
– रावेर तालुक्यातून एक मुलगा

उत्तर : दादा, माणूस ठणठणीत होत नाही आणि वेडाही होत नाही. आप्पांचा आजार तुम्ही पत्रात नेमका मांडला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कंपवातात मेंदूच्या तळाशी डोपामिन हे हालचालीसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. लेव्होडोपाची गोळी ते डोपामिन बाहेरून पुरवते. पहिली काही वर्षं उरलेल्या पेशी ते साठवून जपून वापरतात, म्हणून दिवसाला तीन गोळ्यांत भागतं. पुढे साठवणारं कोणी उरत नाही. मग गोळी रक्तात असेपर्यंतच माणूस चालतो आणि ती उतरली की बंद पडतो. डोस वाढवला तर अंग डोलायला लागतं. आप्पा आज या दोन टोकांमध्ये अडकले आहेत, आणि डीबीएस मुळात अशाच माणसासाठी आहे.

ती काय देते ते सरळ सांगते. गोळीच्या चांगल्या तासात आप्पा जे करतात, ते यंत्र बसल्यावर दिवसाचा बराच वेळ करता येतं. चांगल्या तासातही जे जमत नाही, ते यंत्राने सहसा जमत नाही. कंप तेवढा याला अपवाद, गोळीला न जुमानणारा कंपही पुष्कळदा थांबतो. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना सहा महिन्यांनी रोजचे सरासरी साडेचार तासांहून जास्त चांगले तास मिळाले होते. दिवसभर बसून असलेल्या माणसाला साडेचार तास म्हणजे काय, ते तुमच्या घराला वेगळं सांगायला नको. पण आजार आत चालूच राहतो. पेशी मरायच्या थांबत नाहीत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी आधी एक वही करायला लावते. शाळेची साधी रेघांची वही चालते. एका ओळीला अर्धा तास. गोळी घेतली तिथे फुली, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द: चालू, बंद, डोलणं किंवा झोप. जेवण कधी झालं तेही लिहायचं. तीन-चार दिवसांची वही समोर आली की माझं निम्मं काम होतं. पुष्कळदा असं दिसतं की दुपारची गोळी भरल्या पोटी, डाळ-दूध खाऊन लगेच घेतली जाते. डाळी-दुधातली प्रथिनं लेव्होडोपाला आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत आणि ती गोळी वाया जाते. जेवणाआधी अर्धा तास गोळी, एवढ्या एका बदलाने काही जणांचा दुपारचा बंद काळ कमी झालेला मी पाहिला आहे. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा. आप्पांची वही तुम्ही आजच सुरू करा.

दुसरी पायरी तपासणीची. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी रुग्णाला तपासतात: बोटं उघडझाप, खुर्चीवरून उठणं, चालून वळणं, प्रत्येकाला गुण. मग नेहमीपेक्षा थोडी मोठी मात्रा देऊन तासाभराने पुन्हा तेच. गुणांत साधारण एक तृतीयांश किंवा जास्त सुधारणा दिसली तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची आशा चांगली. ती सकाळ घरच्यांना फार जड जाते, कारण आप्पा कुशीवरही वळू शकणार नाहीत. मायला आधी कल्पना द्या. स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीची तपासणीही होते, ती टाळू नका. खोल नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश असेल तर ही शस्त्रक्रिया नुकसान करू शकते.

आता मायच्या भीतीबद्दल. मेंदू कापत नाहीत. कवटीला दोन्ही बाजूंनी साधारण 14 मिलिमीटरचं छिद्र पाडतात आणि त्यातून सव्वा मिलिमीटर जाडीची तार खोल उतरवतात. तिचं टोक जिथे पोचायचं त्या केंद्राला सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणतात, आणि ते असतं हरभऱ्याच्या डाळीएवढं. म्हणून डोक्याला धातूची चौकट पक्की बसवून, एमआरआय आणि सीटी स्कॅन एकावर एक ठेवून मोजमाप करतात. बऱ्याच ठिकाणी या वेळी रुग्ण जागा असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, कातडी भूल देऊन बधिर केलेली असते. सर्जन तार हळूहळू पुढे सरकवतात, तेव्हा पेशींचा आवाज यंत्रावर ऐकू येतो. मग प्रवाह देऊन रुग्णाला विचारतात, मूठ उघडा, मिटा, आकडे मोजा. थरथरता हात तिथल्या तिथे शांत होतो. बोलणं अडखळलं किंवा चेहरा ओढला गेला तर जागा थोडी बदलतात. काही केंद्रांत आता पूर्ण भूल देऊनही करतात. जागं राहायची धास्ती असेल तर तसं स्पष्ट विचारा. शेवटी पूर्ण भुलीखाली गळपट्टीच्या हाडाखाली, छातीच्या कातडीत, बॅटरी बसवतात आणि तार कानामागून कातडीखालूनच तिथवर नेतात. बाहेर काही लोंबत नाही.

ही गोष्ट काल-परवा निघालेली नाही. पूर्वी कंप थांबवायला मेंदूतला एक ठिपका जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे का, हे पाहायला प्रवाह देत. फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं की सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंदनं दिली तर काही न जाळताच कंप थांबतो. 1987 साली त्यांनी आणि पिएर पोलाक यांनी तार तिथेच ठेवून द्यायला सुरुवात केली. आज साधारण सेकंदाला 130 स्पंदनं देतात. जाळलेलं परत येत नाही. यंत्राचा प्रवाह मात्र कमीजास्त करता येतो, हवं तर बंदही करता येतो. मायला एवढं जरूर सांगा.

धोका आहे, आणि तो सगळ्यांना माहीत असला पाहिजे. शंभरातल्या एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो, त्यातल्या काहींना कायमचा अशक्तपणा राहतो. जंतुसंसर्ग त्याहून थोड्या जास्त जणांना होतो, आणि तो हटला नाही तर यंत्र काढावं लागतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणूनच जा. नंतर काहींचा आवाज बारीक होतो, शब्द एकमेकांत मिसळतात. काहींचा स्वभाव बदलतो, पैसे उधळणं किंवा चिडचिड वाढते. गावात "वेडा होतो" म्हणतात ते बहुधा यावरूनच. हे दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण बहुतेक वेळा प्रवाह आणि गोळ्या पुन्हा जुळवून ते आटोक्यात येतं.

खानदेशातल्या माणसांना मी सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यावर बोलते ती गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची आहे. ऑपरेशन एकदाच होतं, जुळवणी महिनोन् महिने चालते. नुसती तार घातल्यानेही पहिले काही दिवस माणूस हलका वाटतो, घरचे पेढे वाटतात. मग तारेमुळे आलेली सूज उतरते, कंप परत येतो आणि घर हादरतं. हे अपेक्षित असतं. खरी जुळवणी काही आठवड्यांनी सुरू होते: कोणत्या टोकातून, किती प्रवाह, किती वेळाची स्पंदनं. प्रवाह हळूहळू वाढवत गोळ्या उतरवतात, बऱ्याच जणांच्या एक तृतीयांश ते निम्म्या कमी होतात आणि डोलणंही त्यामुळेच थांबतं. यासाठी पहिल्या वर्षात अनेकदा जावं लागतं. ठिकाण निवडताना फक्त सर्जनचं नाव विचारू नका. जुळवणी कोण करणार, ते किती वेळ देतात, अडचण आली तर फोन कोण उचलणार, हे विचारा. काही नव्या यंत्रांत दूरवरून जुळवणीची सोय असते, तीही विचारा. यंत्र उत्तम बसलेले आणि जुळवणीविना रखडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. रात्रीच्या गाडीने आप्पांना घेऊन जाणारा, डॉक्टरांसमोर वही उघडणारा माणूस घरात कोण, हे ऑपरेशनआधीच ठरवा.

मला विचाराल तर आप्पांचं वय, आजाराची वर्षं आणि गोळीला मिळणारा प्रतिसाद, तिन्ही अनुकूल आहे. चाचणी चांगली आली तर फार वर्षं थांबू नका. तोल जायला लागल्यावर आणि विसराळूपणा आल्यावर येणाऱ्यांना मला नाही म्हणावं लागतं.

प्रश्न : मी 55 वर्षांची गृहिणी. कप उचलला की हात कापतो, बशीत चहा सांडतो. नुसती बसले असताना काही नाही. माझ्या आईलाही असंच होतं. दर आखाजीला खापरावरचे मांडे मीच करायचे, यंदा हातावर मांडा धरता आला नाही. मुलगा म्हणतो पार्किन्सन आहे, ऑपरेशन करू. करावं का?
– अमळनेर

उत्तर : ताई, तुमचं वर्णन पार्किन्सनचं वाटत नाही. त्यातला कंप हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसतो आणि बहुधा एका बाजूने सुरू होतो. काम करताना येणारा, दोन्ही हातांचा, घराण्यात चालत आलेला कंप हा एसेन्शियल ट्रेमर असण्याची शक्यता मोठी. मी रुग्णाला कागदावर पेनाने मोठी चकली काढायला सांगते. या कंपात तिची रेघ सगळीकडे नागमोडी येते, आणि पार्किन्सनमध्ये चकली लहान लहान होत जाते.

आधी थायरॉइड तपासून घ्या. दम्याची किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, त्यांतली काही कंप वाढवतात. मग प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन यांनी पुष्कळांचा हात बऱ्यापैकी स्थिर होतो. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. दोन्ही पुरेशा मात्रेत घेऊनही जेवणं, लिहिणं, बटण लावणं अशक्य झालं, तरच शस्त्रक्रिया. तिथे तार थॅलॅमस नावाच्या भागात जाते. अमेरिकेत डीबीएसला पहिली परवानगी 1997 साली याच कंपासाठी मिळाली, पार्किन्सनसाठी 2002 साली. कवटी न उघडता ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून तो ठिपका जाळण्याचीही पद्धत आता आहे. तिच्यात बॅटरी नाही, जुळवणीच्या खेपा नाहीत, पण जाळलेलं कायमचं.

मांडे थांबले याचं दुःख मला कळतं. आमच्याही घरात ते काम ज्या बाईच्या हातचं, तिचाच मान असतो. औषधं सुरू करून पुढच्या आखाजीपर्यंत वाट पाहा, शस्त्रक्रियेची घाई नको.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची. तीन वर्षांपूर्वी शाळेत चालताना उजवा पाय आत वळायला लागला. आता पाठ आणि मानही पिळवटते. भगताकडे नेलं, बाधा आहे म्हणाले. एका दवाखान्यात मनाचं आहे म्हणून सांगितलं. झोपली की सगळं थांबतं, म्हणून नातेवाईक म्हणतात मुलगी नाटक करते.
– शहादा तालुका

उत्तर : ताई, मुलगी नाटक करत नाही. याला डिस्टोनिया म्हणतात. स्नायूंना मेंदूकडून चुकीचा आणि जास्तीचा हुकूम जातो, म्हणून ते पिळवटतात. झोपेत थांबणं हे या आजारात नेहमीच दिसतं. नातेवाइकांना हा मजकूर वाचून दाखवा.

दोन गोष्टी आधी आणि लवकर व्हायला हव्यात. एक, लेव्होडोपाची थोड्या मात्रेतली चाचणी. मुलांमधला एक प्रकार सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, आणि या स्वस्त गोळीने इतका सुधारतो की चालता न येणारं मूल धावायला लागतं. दुसरी, विल्सन आजाराची तपासणी. त्यात तांबं शरीरात साठतं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं आणि नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळाच्या कडेची कडी पाहून तो ओळखतात, आणि त्यावर औषध आहे.

हे दोन्ही नसेल आणि औषधांनी भागत नसेल तर डीबीएसचा विचार लवकर करा. इथे तार ग्लोबस पॅलिडस या भागात बसवतात. अमेरिकेत 2003 पासून 7 वर्षांपुढच्या मुलांमध्येही तिला परवानगी आहे. काही जनुकीय प्रकारांत, विशेषतः डीवायटी-1 मध्ये, फायदा फार चांगला होतो. तो पार्किन्सनसारखा टेबलावर दिसत नाही, हळूहळू महिन्यांत दिसतो. तेवढे महिने धीर धरावा लागतो. उशीर मात्र करू नका. सांधे आणि पाठ एकदा कायमची आखडली की तार ती सरळ करू शकत नाही. भगताकडच्या खेपांत गेलेला वेळ परत मिळणार नाही, पण 13 हे वय अजून हातात आहे. आणि तिची शाळा बंद करू नका. या आजारात बुद्धी शाबूत असते.

प्रश्न : वडील 76 वर्षांचे. वर्षभरात खूप मंदावले, पडतात, विसरतात. पोटाच्या आणि चक्करच्या गोळ्या बरेच महिने चालू आहेत. यंत्र बसवता येईल का?
– पारोळा

उत्तर : नाही. पडणं आणि विसरणं यंत्राने वाढू शकतं. पण पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्याने मी थबकले. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलांत लेव्होसल्पिराइड असतं, आणि चक्करच्या गोळ्यांत सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन. ही औषधं महिनोन् महिने घेतली तर डोपामिनचा मार्ग अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र उभं करतात. म्हाताऱ्या माणसांत हे मी सारखं पाहते. सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. कारण तेच निघालं तर औषध थांबवल्यावर काही महिन्यांत पुष्कळ माणसं सावरतात.

प्रश्न : यजमानांचं डीबीएस झालं आहे. मोबाइल, इंडक्शन शेगडी, स्टेशनवरचा मेटल डिटेक्टर चालतो का? गुडघा दुखतो म्हणून इथल्या केंद्रात शेक घ्यायला सांगितलं आहे.
– भुसावळ

उत्तर : शेक थांबवा, आधी हे. डायथर्मी नावाचा विद्युत-शेक या रुग्णांना कधीही द्यायचा नाही. तारेच्या टोकाशी उष्णता साठून मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. यंत्र बंद करूनसुद्धा चालत नाही. गरम पाण्याची पिशवी चालते. यंत्राचं ओळखपत्र प्रत्येक दवाखान्यात, दंतवैद्याकडेही, आधी दाखवा. एमआरआय काही यंत्रांत ठरावीक अटींवरच करता येतो, कंपनीचं मॉडेल सांगून विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नये.

मोबाइल चालतो, फक्त छातीच्या खिशात बॅटरीवर ठेवू नका. इंडक्शनपासून हातभर लांब उभे राहा. डिटेक्टरच्या चौकटीत रेंगाळू नका, कार्ड दाखवून हाताने तपासणी करायला सांगा. वेल्डिंगच्या जवळ जाऊ नये. आणि बॅटरी संपत आल्याची सूचना दुर्लक्षू नका: चार्ज न होणारी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. ती अचानक संपली तर माणूस काही तासांत लाकडासारखा ताठ होतो. तेव्हा घाबरून न जाता थेट रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : खर्च ऐकून हात गळाले. आमची कोरडवाहू शेती.
– चाळीसगाव

उत्तर : भाऊ, खासगीत हा खर्च आठ-दहा लाखांपासून पुढे जातो आणि त्यातला मोठा वाटा यंत्राचा असतो. बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स या सरकारी संस्थांत ही शस्त्रक्रिया होते. तिथे रुग्णालयाचा खर्च बराच कमी, यंत्राचे पैसे मात्र लागतात. बेंगळुरूला तुमच्या बाजूने कर्नाटक एक्स्प्रेस थेट जाते. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. पार्किन्सन 2016 च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वात मोडतो, 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळवा. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून रुग्णांसाठी काम करते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. त्यांना विचारा.

शेत विकून मात्र करू नका. चाचणीत फायदा काठावरचा दिसत असेल तर मी स्वतः नको म्हणते. नीट बसवलेल्या गोळ्या, रोजचा व्यायाम आणि वेळेवरचं जेवण यांवर माणूस अजून काही वर्षं बरा राहू शकतो.

प्रश्न : ऑपरेशन टाळण्यासाठी कवचबीजाचं चूर्ण घेतलं तर?
– यावल

उत्तर : खाजकुयरीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, त्यामुळे तिचा परिणाम होतो. पण चमच्यात किती आलं ते मोजता येत नाही. गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं की मात्रा दुप्पट होऊन अंग डोलायला लागतं, रक्तदाब पडतो. घेत असाल तर लपवू नका. डबा घेऊनच या, मी त्या हिशेबाने गोळ्या कमी करेन.